वाढते वय, व्यायाम आणि दुखरे स्नायू

वयाची साठी ओलांडल्यावर, कधी डॉक्टरांच्या सल्ल्याने तर कधी मुलांच्या आग्रहाने, अनेक जण व्यायामाला आरंभ करतात. पहिला दिवस उत्साहात जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मांड्या भरून येतात, पोटऱ्या ठणकू लागतात आणि जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागतो. तिसऱ्या दिवशी दुखणे आणखी वाढते. मग 'आता आपले वय राहिले नाही' असे म्हणून आरंभलेला व्यायाम कायमचा सुटतो. ज्या घरात असे घडले नाही असे घर आपल्या धर्मग्रामात शोधूनच काढावे लागेल.

व्यायाम सोडण्याचा हा निर्णय वरकरणी शहाणपणाचा भासतो, परंतु त्याची किंमत मोठी असते. पायातील बळ हळूहळू जाते, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, एके दिवशी न्हाणीघरात तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. त्यानंतर अनेक वृद्धांना पुन्हा पूर्वीसारखे स्वावलंबी होता येत नाही. म्हणून व्यायामानंतरचे दुखणे म्हणजे नेमके काय, वयानुसार त्यात कोणता फरक पडतो आणि स्नायूंना पूर्ववत होण्यास किती अवधी द्यावा, हे समजून घेणे अगत्याचे आहे. या लेखात आम्ही त्याविषयीची माहिती वाचकांपुढे ठेवीत आहोत.

दुसऱ्या दिवशीचे दुखणे

व्यायाम करताना स्नायूंत होणारी जळजळ आणि दुसऱ्या दिवशी जाणवणारा ठणका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जळजळ थांबताच शमते. ठणका मात्र साधारणपणे 12 ते 24 तासांनी सुरू होतो, एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचतो आणि बहुधा आठवडाभरात नाहीसा होतो. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी 1902 साली या उशिरा येणाऱ्या दुखण्याचे वर्णन केले आणि त्याचे कारण स्नायूंच्या आत होणाऱ्या सूक्ष्म इजांत असावे, असे मत मांडले. पुढील शतकातील संशोधनाने त्यांच्या या मताला बळच दिले.

स्नायूवर दोन प्रकारे भार येतो. जिना चढताना मांडीचा स्नायू आखडत भार उचलतो. जिना उतरताना तोच स्नायू लांबत जातो आणि लांबता लांबता शरीराचा भार पेलून धरतो. दम चढण्याने लागतो, पण दुखणे मुख्यत्वे उतरण्याने येते. रायगड चढून-उतरून आलेल्या माणसाचे पाय दोन दिवस बोलतात, त्याला गडाची चढण जितकी कारणीभूत असते त्याहून अधिक उतरण कारणीभूत असते. खुर्चीत सावकाश बसणे, डोक्यावरचे ओझे खाली ठेवणे, ख्रिस्तयागाच्या वेळी हळूहळू गुडघे टेकणे या सर्व क्रियांत स्नायू असाच लांबत लांबत भार पेलतो. सवय नसताना हे काम अधिक झाले की स्नायुतंतूंतील अतिसूक्ष्म रचना काही ठिकाणी विस्कळीत होते. तेथे दाह निर्माण होतो, किंचित सूज येते आणि मज्जातंतूंची टोके अधिक संवेदनशील होतात. एरवी ज्या स्पर्शाने काहीच वाटले नसते, तो स्पर्शही मग दुखरा वाटू लागतो.

दोष आम्लाचा नव्हे

श्रमाने शरीर दुखू लागले की आपल्याकडे 'अंग आंबले' असे म्हणतात. शब्द अर्थवाही आहे, आणि गंमत अशी की, पाश्चात्त्य देशांतही दीर्घकाळ असाच समज होता की स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचल्यामुळे दुखते. आर्चिबाल्ड हिल आणि ऑटो मायरहोफ यांना स्नायूंच्या कार्यावरील संशोधनासाठी 1922 सालचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. त्यांच्या कार्यामुळे लॅक्टिक आम्लाचे नाव सर्वतोमुखी झाले आणि पुढे प्रत्येक दुखण्याचा ठपका त्याच्यावर ठेवला जाऊ लागला.

वास्तविक व्यायाम थांबल्यानंतर सुमारे तासाभरात रक्तातील हे द्रव्य पूर्वपातळीवर येते. दुखणे तर त्यानंतर कित्येक तासांनी सुरू होते. 1983 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांना सपाट पृष्ठभागावर आणि काहींना उतारावर धावावयास लावले होते. सपाटीवर धावणाऱ्यांच्या रक्तात लॅक्टिक आम्ल वाढले, पण त्यांना पुढे फारसे दुखले नाही. उतारावर धावणाऱ्यांत ते वाढले नाही, तरी त्यांचेच पाय दुखले. तेव्हा 'साचलेले आम्ल' बाहेर काढण्यासाठी विकल्या जाणाऱ्या काढ्यांवर आणि चूर्णांवर पैसे खर्च करण्याचे काही कारण उरत नाही.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. दुखण्याची तीव्रता आणि इजेचे प्रमाण यांचा मेळ नेहमीच बसत नाही. पुष्कळ दुखूनही इजा अल्प असू शकते आणि फारसे न दुखताही स्नायूचे बळ काही दिवस उणे राहू शकते. 'जितके दुखेल तितका लाभ अधिक' हे व्यायामशाळेतील वचन म्हणूनच ग्राह्य धरू नये.

वयाबरोबर काय बदलते

तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायूंचे वस्तुमान साधारण 3 ते 8 टक्क्यांनी घटत जाते आणि साठीनंतर या घसरणीला वेग येतो. बळ तर वस्तुमानाहूनही झपाट्याने कमी होते. या ऱ्हासाला आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन संशोधकांनी 1989 साली 'सार्कोपेनिया' हे नाव सुचविले. ग्रीक भाषेतून घेतलेल्या या शब्दाचा अर्थ 'मांसाची उणीव' असा होतो. यात विशेषतः वेगाने आखडणारे तंतू बारीक होत जातात. ठेच लागली असता तोल सावरण्यासाठी पाय झटकन पुढे टाकावा लागतो, तेव्हा नेमके हेच तंतू उपयोगी पडतात. वयस्कर माणसे अधिक पडतात यामागचे हे एक मोठे कारण आहे.

दुरुस्तीची यंत्रणाही मंदावते. प्रत्येक स्नायुतंतूला लागून काही राखीव पेशी असतात. अलेक्झांडर मॉरो यांनी 1961 साली त्या प्रथम दाखवून दिल्या. त्यांना 'सॅटेलाइट पेशी' म्हणतात. तंतूला इजा झाली की या पेशी जाग्या होतात, वाढतात आणि तंतूची डागडुजी करतात. वय वाढते तशी वेगवान तंतूंजवळील या पेशींची संख्या घटते आणि उरलेल्या पेशीही सावकाश जाग्या होतात. शिवाय अन्नातील प्रथिनांना आणि व्यायामाला वृद्ध स्नायूचा प्रतिसाद तरुण स्नायूपेक्षा क्षीण असतो. वीस वर्षांच्या नातवाला जेवढ्या आहाराने भागते, तेवढ्याने आजोबांच्या स्नायूंची भरपाई होत नाही.

मग वयस्करांना अधिक दुखते का? आश्चर्य वाटेल, परंतु सर्व प्रयोगांत तसे आढळलेले नाही. काही प्रयोगांत तर वयस्करांनी तरुणांपेक्षा कमी दुखल्याचे सांगितले. यातून घ्यावयाचा बोध महत्त्वाचा आहे. उतारवयात दुखणे हे विश्रांतीचे विश्वसनीय माप नव्हे. दुखत नाही म्हणून रोज जोर लावू नये, आणि थोडे दुखते म्हणून सर्व काही सोडूनही देऊ नये. स्नायू सावरला की नाही हे त्याच्या कामावरून ओळखावे. नेहमीचा जिना नेहमीच्या सहजतेने चढता येतो का, खुर्चीतून पूर्वीइतक्या वेळा उठता येते का, पकड पूर्वीसारखी आहे का, रात्री झोप लागते का, या प्रश्नांची उत्तरे दुखण्यापेक्षा अधिक खरी असतात.

नव्वदीतही बळ वाढते

वृद्ध स्नायू उशिरा सावरतो हे खरे असले, तरी तो सावरतो आणि बळकटही होतो. बोस्टन येथील एका वृद्धाश्रमात मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग 1990 साली प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी 90 वर्षे वयाच्या दहा अशक्त वृद्धांनी भाग घेतला होता. त्यांच्याकडून आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा, वजन लावून, चांगला जोरकस व्यायाम करवून घेण्यात आला. अखेरपर्यंत टिकलेल्या नऊ जणांच्या मांडीच्या स्नायूंची शक्ती सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. दोघांना तर चालताना काठीची गरज उरली नाही. चार वर्षांनी, 1994 साली, शंभर वृद्धांवरील मोठ्या प्रयोगातूनही हाच निष्कर्ष दृढ झाला. हा व्यायाम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झाला होता, हे विसरून चालणार नाही. तथापि 'आता वय राहिले नाही' या वाक्याला याहून स्पष्ट उत्तर सापडणे कठीण आहे.

शरीराची आणखी एक कृपा म्हणजे त्याची स्मरणशक्ती. एकदा सौम्य प्रमाणात दुखून गेलेला स्नायू त्याच व्यायामाने दुसऱ्यांदा तितका दुखत नाही. हे संरक्षण काही आठवडे, कधी काही महिनेही टिकते. म्हणजेच पहिल्या आठवड्याचा ठणका हा बहुतांशी पहिल्या आठवड्याचाच असतो. जो तेथे थांबतो तो केवळ दुखणे सोसतो आणि त्याचे फळ मात्र गमावतो.

विश्रांती म्हणजे अंथरूण नव्हे

आपल्या घरांत वडीलधाऱ्यांचे पाय दुखू लागले की मायेपोटी त्यांना खाटेवर निजविले जाते. पाण्याचा पेलाही जागेवर आणून दिला जातो. ही माया समजण्यासारखी आहे, परंतु ती अपाय करते. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनात निरोगी वयस्कर माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवण्यात आले. एवढ्या अल्प काळात त्यांच्या दोन्ही पायांतील मिळून जवळजवळ एक किलो मांस घटले. तरुण माणूस अशी झीज लवकर भरून काढतो, वृद्धाला मात्र त्यासाठी दीर्घकाळ कष्ट करावे लागतात.

म्हणून विश्रांती द्यावयाची ती दुखऱ्या स्नायूला जोरकस कामापासून, हालचालीपासून नव्हे. मांड्या दुखत असल्यास त्या दिवशी उठाबशा टाळाव्यात, पण अंगणात, गच्चीवर किंवा घरातल्या घरात दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालावे. अशा हलक्या हालचालीने रक्ताभिसरण वाढते आणि ठणका काही काळ तरी कमी वाटतो.

किती व्यायाम, किती अंतर

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार 65 वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. त्याखेरीज किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव असावा. ज्यांना एवढे जमत नाही त्यांनी जमेल तेवढे करावे, असेही त्याच सूचना सांगतात. यावरून हे लक्षात यावे की सकाळचा फेरफटका उत्तम असला तरी तो पुरेसा नाही. चालण्याने हृदयाला लाभ होतो, परंतु मांडीचे बळ राखण्यासाठी तिच्यावर थोडा भार पडावाच लागतो.

नव्याने आरंभ करणाऱ्यांसाठी आम्ही एक साधा क्रम सुचवितो. सोमवारी आणि गुरुवारी बळाचा व्यायाम करावा. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीतून, शक्यतो हात न टेकता, आठ वेळा उठावे आणि सावकाश बसावे. भिंतीवर तळहात टेकून आठ वेळा कोपरे वाकवून पुढे झुकावे व मागे यावे. ओट्याचा आधार घेऊन दहा वेळा टाचा उचलाव्यात. पहिले दोन आठवडे प्रत्येक प्रकार एकदाच करावा, नंतर दोनदा. उरलेल्या दिवशी चालावे आणि ओट्याजवळ उभे राहून एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव करावा. या क्रमात बळाच्या व्यायामांमध्ये किमान दोन दिवसांचे अंतर राहते. ज्यांना चौथ्या दिवशीही पाय जड वाटतात त्यांनी आणखी एक दिवस थांबावे. एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. उठण्याची संख्या वाढविली त्या आठवड्यात चालण्याचे अंतर वाढवू नये.

आपली प्रगती पाहण्याची एक सोपी रीत आहे. हात छातीशी घेऊन खुर्चीतून सलग पाच वेळा उठावे व बसावे आणि लागलेला वेळ घड्याळात पाहावा. युरोपातील तज्ज्ञांनी 2019 साली ठरविलेल्या निकषानुसार यास 15 सेकंदांहून अधिक वेळ लागल्यास पायांचे बळ कमी झाल्याची शंका घ्यावी. दर महिन्याला हा वेळ वहीत टिपून ठेवल्यास केलेल्या श्रमांचे फळ डोळ्यांना दिसते. चाचणी घेताना घरातील कोणीतरी जवळ उभे असावे.

ताट आणि झोप

स्नायूंची डागडुजी व्यायामाच्या वेळी होत नाही. ती नंतरच्या तासांत आणि दिवसांत होते, आणि तिला साहित्य लागते ते प्रथिनांचे. वयस्करांनी शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने घ्यावीत, अशी शिफारस या विषयातील तज्ज्ञगटाने 2013 साली केली. साठ किलो वजनाच्या व्यक्तीसाठी हे प्रमाण 60 ते 72 ग्रॅम होते. आपल्या घरांतील वृद्धांचे ताट पाहिले तर सकाळी चहा-पाव, दुपारी भात आणि पातळ कालवण, रात्री पुन्हा थोडा भात किंवा पेज असे चित्र अनेकदा दिसते. दात नसल्यामुळे मटण सुटते, एकट्यासाठी काय करायचे म्हणून मासळीही सुटते, आणि शरीर आपल्याच स्नायूंवर गुजराण करू लागते.

यावरील उपाय महागडे नाहीत. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, शंभर ग्रॅम मासळीत साधारण 18 ते 20 ग्रॅम आणि पेलाभर दुधात सुमारे 6 ग्रॅम प्रथिने असतात. वाल, चवळी, मूग यांची घट्ट उसळ, दही, मऊ शिजवलेले कोंबडीचे मांस यांचाही उपयोग होतो. सुकी मासळी प्रथिनयुक्त असली तरी रक्तदाब असणाऱ्यांनी तिच्यातील मिठाचा विचार करावा. सर्व प्रथिने रात्रीच्या एकाच जेवणात घेण्यापेक्षा तिन्ही वेळच्या आहारात विभागून घेणे हितकर आहे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत.

झोपेचे मोलही तितकेच आहे. अपुऱ्या झोपेने स्नायूंची बांधणी मंदावते आणि दुखणे अधिक तीव्र जाणवते. दुपारी उशिरा घेतलेला चहा आणि रात्री उशिरापर्यंतची दूरदर्शन मालिका यांना थोडा आवर घातला, तरी अनेकांची झोप सुधारेल.

तेल, शेक आणि गोळी

दुखऱ्या अंगाला खोबरेल तेलाने चोळण्याची आपली जुनी पद्धत निरर्थक नाही. मालिश केल्याने व्यायामानंतरचे दुखणे काही प्रमाणात कमी होते, असे अनेक संशोधनांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे. कोमट पाण्याच्या शेकानेही बरे वाटते. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना मंद झाली आहे त्यांनी मात्र शेक घेताना भाजणार नाही याची काळजी घ्यावी. व्यायामाआधी वा नंतर स्नायू ताणल्याने दुखणे टळते हा समज मात्र कसोटीला उतरलेला नाही. ताणण्याचे इतर लाभ असतील, पण या दुखण्यात त्याने जाणवण्याजोगा फरक पडत नाही.

वेदनाशामक गोळीबाबत विशेष सावध राहावे. औषधांच्या दुकानातून सहज मिळणाऱ्या यांपैकी अनेक गोळ्या उतारवयात जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांवर विपरीत परिणाम करतात. व्यायाम करता यावा म्हणून रोज गोळी घेणे म्हणजे व्यायामाचे प्रमाण चुकले आहे, असे समजावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

व्यायामाचे साधे दुखणे बहुधा दोन्ही बाजूंना, स्नायूच्या मांसल भागात असते आणि दिवसागणिक ओसरते. दुखणे सांध्यात असेल, आठवडा उलटूनही कमी होत नसेल, किंवा एकाच पोटरीला सूज, उष्णता व वेदना असेल तर डॉक्टरांना दाखवावे. एका पोटरीची सूज ही शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची खूण असू शकते. जबर श्रमानंतर स्नायू अतिशय सुजले आणि लघवी काळ्या चहासारखी गडद झाली तर तातडीने रुग्णालय गाठावे, कारण स्नायूंतील द्रव्ये मूत्रपिंडाला इजा करीत असल्याचा तो संकेत असतो. छातीत दडपण, घेरी किंवा अकारण धाप लागल्यास व्यायाम त्याच क्षणी थांबवावा.

कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन वर्गातील औषध घेणाऱ्यांच्या मनात आणखी एक शंका असते. या औषधाने क्वचित स्नायू दुखतात हे खरे आहे. तथापि 2022 साली प्रसिद्ध झालेल्या विस्तृत अभ्यासानुसार, हे औषध घेणाऱ्यांनी सांगितलेल्या स्नायूंच्या तक्रारींपैकी 90 टक्क्यांहून अधिक तक्रारींचे कारण ते औषध नव्हते. म्हणून ते परस्पर बंद न करता डॉक्टरांशी बोलावे. हृदयविकार, मधुमेह किंवा हाडांचा ठिसूळपणा असणाऱ्यांनी तर व्यायामाचा आरंभच वैद्यकीय सल्ल्याने करावा.

शेवटी कुटुंबीयांना एक विनंती. आई-वडिलांचे पाय दुखत असतील तर त्यांना निजवू नका. त्यांच्याबरोबर दहा मिनिटे चाला, त्यांच्या ताटात एक अंडे अधिक वाढा आणि दोन दिवसांनी पुन्हा खुर्चीजवळ उभे राहून त्यांच्या उठण्याची मोजणी करा. उतारवयातील बळ हे एकदा गेले की परत मिळविणे कष्टाचे असते, पण थोडे थोडे जपणे प्रत्येक घराला शक्य आहे. स्वतःच्या पायांनी चर्चला जाणे, स्वतःच्या हातांनी विहिरीचा वा नळाचा हंडा उचलणे, नातवंडाला कडेवर घेणे ही वृद्धापकाळातील मोठी संपत्ती आहे. दोन दिवसांच्या ठणक्यापायी ती गमावू नये, एवढेच आमचे सांगणे.